तासाला पाच

एप्रिल लागला की माझ्या टेबलावर अकरावीच्या प्रयोगवह्यांचा ढीग येऊन पडतो. पोलादपूरच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, तिथल्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून आंबेनळी घाटाचे पहिले डोंगर दिसतात. दुपारी त्या खिडकीतून येतो तो वारा नव्हे, नुसती गरम हवा. यंदा अशाच एका दुपारी एका मुलीची वही उघडली. वायूचा दाब आणि आकारमान यांचा तक्ता, सहा रीडिंग. दोन्हींचा गुणाकार सहाही वेळा तंतोतंत सारखा, दशांशासकट. असं कधी येत नाही. हात हलतो, नळी थोडी गळते, डोळा एखाद्या रेषेनं चुकतो. मुलीनं प्रयोग केलाच नव्हता. उत्तर ठाऊक होतं, त्यावरून आकडे उलटे काढून लिहिले होते.

हे सगळीच मुलं करतात आणि सगळ्याच शिक्षकांना ते माहीत असतं. सही करायची नि पुढची वही ओढायची, एवढंच काम. पण मी त्या मुलीवर भर वर्गात अशी ओरडले की शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले. ती रडायला लागली. तिला वाटलं असेल, मॅडम शिस्तीच्या फार. संध्याकाळी मी महाडची एसटी धरली. मी कोणावर ओरडले, हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझ्या अकरावीच्या उन्हाळ्यात आम्ही तुडीलजवळच्या बौद्धवाडीत राहायचो. पत्र्याचं छप्पर, पुढं पडवी, मागं उतारावर काजूची चार झाडं आणि त्याखाली सावित्री. तिथं ती नदी कमी आणि खाडी जास्त. भरती चढली की चिखलाचा वास थेट घरात यायचा. सकाळी नऊच्या सुमाराला पत्रा तापला की टिक टिक वाजायचा. पप्पा म्हणायचे, "फुगतोय बिचारा. पण खिळ्यांनी धरून ठेवलाय, जातोय कुठं?" त्या उन्हाळ्यात पप्पा पलंगावर होते आणि दिवसभर वर तो पत्रा नि डोक्याशी ऑक्सिजन ज्या पाण्याच्या बाटलीतून यायचा तिच्यातले बुडबुडे, एवढंच ऐकत होते.

पप्पा नववी शिकलेले. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात बावीस वर्षं ऑपरेटर होते. मग खोकला लागला, मग जिना चढवेना, मग मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. कारखान्यामुळे की विडीमुळे, हे कुणी कागदावर लिहून दिलं नाही. मोकळी होणार नाहीत, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात पुरुषभर उंचीचा काळा सिलिंडर आला. एक वापरात, एक भरून ठेवलेला.

मी त्याच वर्षी सायन्सला प्रवेश घेतला होता. दहावीपर्यंत मराठीतून शिकले आणि महाडच्या कॉलेजात एकदम सगळं इंग्रजीतून सुरू झालं. पहिले चार महिने मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. वायूंचा धडा आला आणि पहिल्यांदा वाटलं, अरे, हे तर आपल्या घरातलं बोलणं आहे. प्रेशर, टेंपरेचर, व्हॅक्यूम, व्हॉल्व्ह हे शब्द मी जेवताना ऐकत मोठी झाले होते. घरी येऊन मी पुस्तक वाचून दाखवायची आणि पप्पा धापा टाकत, दोन शब्दांनंतर एकदा थांबत, मला त्याचा अर्थ सांगायचे. सायकलचा पंप आण म्हणाले. तोंडावर बोट धरायला लावलं, दांडा दाबायला लावला. "जागा कमी केलीस, तर आतला रागावला. बोट ढकलतोय ना? बस्स. ह्याला तुमचा तो साहेब नियम म्हणतो."

उणे दोनशे त्र्याहत्तर अंशांना वायूचं आकारमान शून्य होतं, असं मी वाचलं तेव्हा ते हसले आणि हसण्यापायी पाच मिनिटं खोकले. "शून्य जागा? मंग ग्यास गेला कुठं?" मी म्हटलं, खरा वायू तसा वागत नाही, हे आदर्श वायूचं आहे. "म्हंजे जो नायच, त्याचा नियम?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मला तेव्हा त्यांचा थोडा राग आला. मी इतकी धडपडून शिकत होते आणि हे थट्टा करत होते.

श्वास म्हणजे काय, हेही मला त्याच धड्यानं सांगितलं. सर सहज बोलता बोलता म्हणाले की छाती रुंदावते, आतली जागा वाढते, दाब कमी होतो, म्हणून बाहेरची हवा आत शिरते. आपण हवा ओढत नाही, फक्त तिला जागा करून देतो. बाकीची मुलं उतरवून घेत होती. माझं पेन थांबलं. घरी पलंगावर बसलेला माणूस गळ्याच्या शिरा ताठ करून दिवसभर काय करत होता, ते मला वर्गात, पंख्याखाली बसून समजलं. त्यांना जागाच करता येत नव्हती. त्या दिवशी मी घरी उशिरा गेले, उगाच एसटी स्टँडवर बसून राहिले.

सातवीत असताना पप्पा मला एकदा महाबळेश्वरला घेऊन गेले होते. पोलादपूरच्या स्टँडवर वेफर्सचं पाकीट घेतलं होतं. घाट चढता चढता ते फुगत गेलं आणि वर पोचेपर्यंत टम्म झालं. पप्पांनी ते माझ्या गालाला लावलं. "बाहेरचं ओझं कमी झालं, म्हणून आतल्याला ऐसपैस वाटतंय," म्हणाले. त्या आजारात एका दुपारी त्यांनी विचारलं, "सुजे, मला घाटावर नेलंत तर मलाबी तसं वाटंल का गो?" मी नुकतीच हुशार झाले होते. मी सांगितलं, नाही, वर हवा विरळ असते, तुम्हाला आणखी त्रास होईल. उत्तर बरोबर होतं. ते "हां" म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

सिलिंडरचं काम माझ्याकडे होतं. वर दाब दाखवणारा गोल काटा, त्याच्या शेजारी काचेची उभी नळी आणि नळीत एक गोळी. गोळी जितकी वर, तितकी मिनिटाला हवा जास्त. पप्पांना गोळी चारवर लागायची. चारवर ठेवली की काटा तासाला पाचनं उतरतो, हे मी पुस्तकातल्या सूत्रावरून काढलं होतं आणि काटा बघून ताडूनही पाहिलं होतं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं स्वतःचं गणित. तासाला पाच. भरलेला सिलिंडर दीडशेचा. काटा वीसवर आला की बदलायचा. बदलायला पाना लागायचा आणि जोर लागायचा, तो शेजारचा संदीपदादा करायचा. तोही पप्पांच्याच कारखान्यात होता. मी दर तासाला एका वहीत लिहायची: वेळ, काटा, गोळी. कॉलेजात असले तर आई माझी वाट बघायची, कारण तिला आकडे वाचता यायचे पण काटा दोन रेषांच्या मध्ये आला की ती गोंधळायची. त्यात ती तबकडी भिंतीकडे तोंड करून होती, वाकून मान आत घालावी लागायची.

वही बघून पप्पांना आपली नोकरी आठवायची. कारखान्यात दर तासाला रीडिंग घ्यायचं असतं. रिॲक्टरपाशी जायचं, काटा बघायचा, लॉगबुकात लिहायचं. "कोण जातोय दर तासाला? चहाच्या आधीच अख्खी पाळी भरून टाकायची. मीबी भरलीय, खोटं कशाला बोलू?" मग डोळे मिचकावून त्यातली कारागिरी सांगायचे. सगळे आकडे एका पेनानं लिहायचे नाहीत. ओळीत बसतील असे लिहायचे नाहीत, मधला एखादा मुद्दाम वाकडा ठेवायचा, म्हणजे साहेबाला खरा वाटतो. आम्ही दोघं हसायचो. मग ते एकदम गंभीर व्हायचे. "पण तू बघून लिही हां. तिथं नळीत दुसऱ्याचा माल असायचा. इथं मी हाय."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं त्यांनी. न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

रसायनशास्त्राचा पेपर सकाळी अकरा वाजता होता. अकरावीचा पेपर, बोर्डाचासुद्धा नव्हे. नापास झाले असते तर पुन्हा देता आला असता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण कशासाठी ते सगळं झालं, हे विसरायला मला आवडलं असतं. सकाळी सहाला मी वाकून काटा बघितला: साठ. वहीत लिहिला. मग पडवीत जाऊन वाचत बसले. सात वाजले, आठ वाजले. आतून बुडबुड्यांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा मोठा होता का, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सव्वादहाला दप्तर उचललं तेव्हा वही दिसली. चार ओळी कोऱ्या होत्या.

मी वाकले नाही. चालू सिलिंडरपासून दोन हातांवर उभी राहून मी सातला पंचावन्न लिहिलं, आठला एक्कावन्न, नऊला पंचेचाळीस, दहाला चाळीस. आठचा आकडा मुद्दाम वाकडा केला. नऊला पेन बदललं. गोळीच्या रकान्यात चारही वेळा चार. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. मला मजा वाटली. गणित मला येत होतं. काटा आणखी वेगळं काय सांगणार होता? पप्पा डोळे मिटून होते. आईला सांगितलं, दोन वाजता वीस होईल, तेव्हा संदीपदादाला बदलायला सांग.

पेपर चांगला गेला. चार्ल्सच्या नियमावर दोन प्रश्न होते. बाहेर आल्यावर मैत्रिणींबरोबर बर्फाचा गोळा खाल्ला. वाडीच्या वळणावर उतरले तेव्हा जयंतीसाठी बांधलेल्या निळ्या पताका हलत होत्या, पण विहारातला स्पीकर बंद होता. जयंतीला तीन दिवस उरलेले असताना स्पीकर बंद असत नाही. तिथूनच मी पळत सुटले.

पुढचं सगळं मला लोकांच्या तोंडून समजलं. अकरा वाजता संदीपदादा पताकांचं कापड आणायला महाडला निघाला होता. निघताना दारात येऊन त्यानं विचारलं, "काकी, बदलून जाऊ का?" आईनं वही पुढं केली. शेवटची ओळ: दहा वाजता चाळीस. तासाला पाच, हे त्यालाही पाठ झालं होतं. "दोनपर्यंत काय होत नाय, तोवर येतोच मी," म्हणाला आणि गेला. साडेबाराच्या सुमाराला बुडबुडे थांबले. आईनं पाना लावला, लोंबकळली त्याला, हाताची साल निघाली, नट हलला नाही. वाडीतले बापये कामावर होते. संदीपदादा एक वाजता आला. तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आई त्या दिवसापासून एकच सांगत आली आहे. सुजा पेपरला गेल्यावर त्यांना फार धाप लागली, म्हणून मी गोळी वर केली, आठवर. मला काय ठाऊक सिलिंडर एवढ्या लवकर संपतो. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. पहिल्या वर्षी सांगितलं, पाचव्या वर्षी सांगितलं. आम्ही महाडला भाड्यानं राहायला आलो, मला नोकरी लागली, तरी सांगत राहिली. मी प्रत्येक वेळी तिची समजूत घालायची: अगं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं धाप लागली तर आठपर्यंत वाढवा म्हणून, तुझी काही चूक नाही. किती समजूतदार मुलगी, असं पाहुणे म्हणायचे.

कारण दुसरं गणितही मला येत होतं. गोळी आठवर म्हणजे काटा तासाला दहानं उतरणार. दहाला खरंच चाळीस असते आणि आईनं मी गेल्यावर गोळी वर केली असती, तर सिलिंडर दोन वाजेपर्यंत पुरायला हवा होता. तो साडेबाराला संपला. म्हणजे मी दहाला चाळीस लिहिले तेव्हा काटा पंचविसाच्या आसपास असणार. म्हणजे गोळी सकाळीच, मी पडवीत पाठांतर करत असताना वर गेली होती, आणि मी एकदा वाकले असते तर चढलेली गोळी आणि उतरलेला काटा दोन्ही दिसले असते. हा हिशेब मी कॉलेजात केला, बी.एस्सी.ला केला, रात्रंदिवस केला. दर वेळी तेच उत्तर आलं. आईला वेळ चुकीची आठवते आहे, एवढंच मी धरून चालले, आणि तिला ती दुरुस्त करून दिली नाही. वहीसुद्धा त्या गर्दीत कुठं गेली कळलं नाही. मी शोधली होती. सापडू नये म्हणूनच शोधत होते, हेही सांगून टाकते.

नियमांची सुरुवात नेहमी एका अटीनं होते. तापमान स्थिर असताना. दाब स्थिर असताना. मी दर वर्षी फळ्यावर ते लिहिते, त्याखाली दोनदा रेघ ओढते. मुलं रेघेसकट उतरवून घेतात. परीक्षेत ती अट लिहायला निम्मी मुलं विसरतात आणि मी अर्धा गुण कापते.

काही लोक म्हणतात, पप्पांनी असाही तो पावसाळा बघितला नसता. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. मला हे ऐकून कधीच बरं वाटलं नाही. दोन महिने तर दोन महिने. त्यांचे होते ते. मी ते दोन पेनांनी लिहून संपवले.

परवा, म्हणजे त्या मुलीवर ओरडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, संदीपदादाची बायको जयंतीची वर्गणी न्यायला घरी आली. आई तांदूळ निवडत होती. बोलणं फिरून फिरून पप्पांवर आलं आणि आईनं पुन्हा सुरू केलं, "सुजा पेपरला गेल्यावर मीच ती गोळी..." वहिनी चुकचुकली, चहा पिऊन गेली. मी नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि ते मला बोलवेना.

"आई," मी म्हटलं, "त्या दिवशी सहानंतर मी काटा बघितलाच नव्हता. वहीतले सगळे आकडे मी मनानं लिहिले होते."

तिनं मान वर केली नाही. एक खडा उचलला, बाजूला टाकला.

"म्हायत हाय मला," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला ऐकू नीट आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"गोळी मी सातलाच वर केली व्हती गो. तुझा पेपर म्हणून तुला सांगितलं नाय. संदीप गेल्यावर त्यांनी वही मागितली. आठला चार, नवाला चार, दहाला चार. त्यांना म्हायत ना, गोळी आठवर हाय. म्हणाले, सुजीनं पाळी भरलीय. मग कुशीवर होऊन, भिंतीकडं मान घालून त्यांनी काटा बगितला. संदीपला फोन लाव म्हणाले. सात-आठ येळा लावला, उचलंना. रस्त्यात व्हता तो."

"आणि मग?"

"मग काय. म्हणाले, पोरीला यातलं काय बोलू नको, पुढल्या साली बोर्ड हाय तिचं."

बाहेर कुणाची तरी रिक्षा थांबली आणि पुढं गेली. मी विचारलं, मग एवढी वर्षं मी गेल्यावर गोळी वर केली, मी गेल्यावर वर केली, असं सगळ्यांना का सांगत बसलीस? सगळा दोष स्वतःच्या माथी का घेतलास?

"लोक इचारणारच, एवढ्यात संपला कसा म्हणून. कुणीतरी वही मागितली असती." आईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तू यायच्या आदी चुलीत घातली मी ती. आदी वही घातली, मंग त्यांच्या अंगावर चादर घातली."